मुलांनी पाण्यासाठी पैसे जमवले, पण पुढे काय? मुळशीच्या उदाहरणातून समजून घेऊया

हिंजवडीच्या एखाद्या सोसायटीतली मुलं ठरवतात की यंदा दिवाळीत फटाके नकोत. ते पैसे लांबच्या एका वाडीला पाणी मिळावं म्हणून द्यायचे. मग आकाशकंदील विकायचे, जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी गोळा करायची, सोसायटीच्या ग्रुपवर क्यूआर कोड टाकायचा. आठवड्याभरात बऱ्यापैकी रक्कम जमते. रील बनते, लाइक्सही येतात.

आता प्रश्न असा की ही 'लांबची वाडी' कुठे असते? बऱ्याचदा ती लांब नसतेच. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते आणि ताम्हिणी घाटाच्या माथ्यावरच्या वाड्यासुद्धा त्याच तालुक्यात येतात. एका टोकाला आयटी पार्क, दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात आटणारे झरे. मधलं अंतर गाडीने तास-दीड तासाचं.

मुलांनी पैसे जमवले की ते पाणी होऊन नळातून येईपर्यंत मध्ये काय काय घडतं? कुठे पैसा वाया जातो आणि कुठे कामी येतो? सविस्तर पाहूया.

थोडक्यात महत्त्वाचं

- मुलांनी पाण्यासाठी पैसे जमवण्याची कल्पना नवी नाही. तिला ७० वर्षांपेक्षा मोठा इतिहास आहे.
- पंप किंवा टाकी विकत घेणं सोपं असतं. ती तिसऱ्या वर्षीही चालू ठेवणं अवघड असतं.
- मुळशीत पाऊस भरपूर पडतो. खरी अडचण पाणी साठवण्याची आणि वाडीपर्यंत पोहोचवण्याची आहे.
- पैसे गोळा करण्यासाठी कायद्याचे नियम आहेत. ते मोठ्यांनी आधी समजून घ्यायला हवेत.

ही कल्पना आली कुठून?

१९५० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराजवळ काही मुलं हॅलोविनच्या रात्री घरोघरी फिरली. त्यांनी चॉकलेटं मागितली नाहीत, तर दुधाच्या रिकाम्या डब्यांत सुटी नाणी गोळा केली. पहिल्या वर्षी जमले १७ डॉलर. हे पैसे युनिसेफला दिले गेले. पुढे ही प्रथा अमेरिकाभर पसरली आणि युनिसेफचे नारिंगी डबे शाळाशाळांत दिसू लागले.

पाण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट कॅनडातल्या रायन रेलजॅकची आहे. १९९८ साली तो सहा वर्षांचा होता आणि पहिलीत शिकत होता. आफ्रिकेत अनेकांना स्वच्छ पाण्यासाठी मैलोन् मैल चालावं लागतं, असं बाईंनी वर्गात सांगितलं. ७० डॉलरमध्ये विहीर होते, असं त्याला समजलं. घरातली जास्तीची कामं करून चार महिन्यांत त्याने ७० डॉलर जमवले.

पैसे घेऊन तो संस्थेकडे गेला तेव्हा कळलं की ७० डॉलरमध्ये फक्त हातपंप येतो. बोअर घेऊन विहीर पूर्ण करायला सुमारे २,००० डॉलर लागतात. रायनने आणखी कामं करायची तयारी दाखवली. शेजारी, शाळा, वर्तमानपत्रं असं करत बातमी पसरली. जानेवारी १९९९ मध्ये उत्तर युगांडातल्या अंगोलो प्राथमिक शाळेजवळ त्याच्या पैशांतून विहीर झाली. २००१ साली 'रायन्स वेल फाउंडेशन' ही संस्था उभी राहिली.

दुसरी गोष्ट २०११ ची. अमेरिकेत सिअॅटलजवळ राहणाऱ्या रेचेल बेकविथने नवव्या वाढदिवसाला भेटवस्तूंऐवजी पाण्यासाठी देणगी मागितली. लक्ष्य ३०० डॉलरचं होतं, जमले २२०. काही आठवड्यांनी एका रस्ता अपघातात ती गेली. बातमी कळल्यावर अनोळखी लोकांनी तिच्याच पानावर पैसे पाठवायला सुरुवात केली आणि रक्कम १२ लाख डॉलरच्या वर गेली. त्यातून इथिओपियात पाण्याची कामं झाली.

७० आणि २,००० यांत नेमका काय फरक आहे?

रायनच्या गोष्टीतला हा भाग बहुतेक रील्समधून गळतो, पण सगळ्यात उपयोगाचा तोच आहे. दिसणारी वस्तू स्वस्त असते. न दिसणारं काम महाग असतं.

पाण्याच्या कोणत्याही छोट्या योजनेत साधारण हे खर्च येतात:

- पाणी कुठे आहे हे शोधणं आणि ते वर्षभर टिकेल का, हे तपासणं
- खोदकाम किंवा झऱ्याभोवतीचं बांधकाम
- टाकी, पाइपलाइन, नळकोंडाळं
- पाण्याची तपासणी आणि शुद्धीकरण
- पंप असेल तर वीजबिल
- दुरुस्ती, दर वर्षी

शेवटचे तीन खर्च कधी संपत नाहीत. देणगी मात्र बहुतेक वेळा एकदाच येते.

मुळशीत एवढा पाऊस, मग पाण्याची अडचण का?

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट पडतो. अतिवृष्टीच्या दिवसात तिथे २४ तासांत ५०० मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली आहे. म्हणजे पुण्यात जो पाऊस चार महिन्यांत पडतो, त्याचा मोठा हिस्सा तिथे एका दिवसात.

तरीही मार्च उजाडला की माथ्यावरच्या काही वाड्यांमध्ये हंडे रांगेत लागतात. कारणं तीन आहेत.

पहिलं कारण खडकाचं. सह्याद्री काळ्या बेसाल्टच्या थरांनी बनला आहे. एक थर कठीण, एक थर सच्छिद्र, अशी ही रचना. कठीण थरात पाणी मुरत नाही. सच्छिद्र थरात मुरतं, पण खाली कठीण थर लागला की आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. तोच आपला झरा. या झऱ्यांची साठवण मर्यादित असते. जंगल गेलं, माती धुपली की ती आणखी कमी होते.

दुसरं कारण उताराचं. पाऊस पडतो तितक्याच वेगाने पाणी दरीत निघून जातं.

तिसरं कारण वस्त्यांचं. मुळशीतली गावं एका जागी नाहीत. मूळ गाव एकीकडे, धनगरवाडा दुसऱ्या डोंगरावर, कातकरी वस्ती ओढ्यापलीकडे. गावात नळ आला म्हणजे वाडीवर आला, असं होत नाही.

मुळशीचं पाणी मग जातं कुठे?

हा प्रश्न १०० वर्षं जुना आहे. मुळा नदीवर टाटांचं धरण व्हायला लागलं तेव्हा जमिनी बुडणार म्हणून शेतकऱ्यांनी विरोध केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही ओळख याच लढ्याने दिली. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये त्याची गणना होते. लढा हरला आणि धरण झालं. १९२७ पासून हे पाणी घाटाखाली रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजकेंद्रात सोडलं जातं. त्यातून तयार होणारी वीज मुंबईला मिळत आली आहे.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतलं टेमघर धरणही मुळशी तालुक्यातच आहे. वरसगावच्या जलाशयाचा काही भागही याच तालुक्यात येतो.

म्हणजे पुण्यातला एखादा मुलगा मुळशीतल्या वाडीसाठी पैसे जमवतो, तेव्हा तो ज्या तालुक्याला पाणी 'देतोय', त्याच तालुक्याचं पाणी त्याच्या घरच्या नळाला येत असतं. वाडीतून खाली पाहिलं तर जलाशय दिसतो. पण तो शेकडो फूट खाली असतो आणि त्यातलं पाणी दुसऱ्यांसाठी ठरलेलं असतं. ही गोष्ट मुलांना माहीत असेल तर 'बिचाऱ्यांना मदत' हा सूर आपोआप बदलतो.

एका वाडीला किती पाणी लागतं?

केंद्र सरकारचं जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. ग्रामीण भागात दर माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी घरातल्या नळाने मिळावं, हे त्याचं उद्दिष्ट. मुदत आधी २०२४ होती, २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली.

५५ लिटर म्हणजे किती? एका हंड्यात साधारण १५ लिटर मावतं असं धरू. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागतात, म्हणजे रोज १८ हंडे. नळ नसेल तर हे १८ हंडे कुणीतरी डोक्यावरून आणायचे. बहुतेक घरांत ते काम बायका आणि मुली करतात. म्हणून व्यवहारात घरं ५५ लिटर वापरतच नाहीत, निम्म्यात भागवतात. मग आधी अंघोळ आणि हात धुणं कमी होतं.

आता झऱ्याचं गणित. हे शाळकरी मुलंही करू शकतात. झऱ्याखाली १५ लिटरची बादली लावा आणि घड्याळ पाहा. बादली तीन मिनिटांत भरली तर झरा मिनिटाला ५ लिटर देतो. तासाला ३०० लिटर, दिवसाला ७,२०० लिटर. ५५ लिटरच्या हिशेबाने २५ घरांची वाडी, म्हणजे सव्वाशे माणसं, यात भागते.

मग अडतं कुठे? रात्री आठ तासांत त्या झऱ्यातून २,४०० लिटर पाणी वाहून जातं, कारण साठवायला टाकी नसते. सकाळी सगळे एकदम येतात आणि बारीक धारेखाली रांग लागते. अशा ठिकाणी नवी बोअर मारण्यापेक्षा एक टाकी जास्त कामाची ठरते.

एकच अट आहे. हे मोजमाप मे महिन्यात करायचं. सप्टेंबरमध्ये मुळशीतला प्रत्येक झरा भरपूर वाहतो, त्यावरून काहीच कळत नाही.

जमलेले पैसे कशावर खर्च करावेत?

मोठी नळपाणी योजना हे सरकारचं काम आहे आणि मुलांच्या पैशांनी ती होणारही नाही. पण सरकारी योजनेत जे सुटतं, तिथे छोटी रक्कम उपयोगी पडते:

- झऱ्याचं संरक्षण: झऱ्याभोवती बंदिस्त बांधकाम, वर झाकण, गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण.
- साठवण टाकी आणि उताराची पाइपलाइन: झरा वाडीच्या वर असेल तर पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. पंप नको, वीजबिल नको.
- पाणी तपासणी: गावपातळीवर वापरायचे तपासणी संच आणि प्रयोगशाळेत नमुने पाठवण्याचा खर्च.
- दुरुस्ती निधी: फोटोत न दिसणारा, पण सगळ्यात गरजेचा.

लोकवर्गणीही समजून घ्यायला हवी. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत गावाअंतर्गत कामांसाठी १० टक्के लोकवर्गणी सुचवली होती. डोंगराळ व वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांसाठी ती ५ टक्के होती. ही वर्गणी श्रमदानातूनही देता येते. ज्या टाकीसाठी आपण दगड वाहिले, त्या टाकीचा नळ तुटला तर माणूस गप्प बसत नाही. बाहेरच्यांनी शंभर टक्के पैसे दिले की हा धागा तुटतो.

चांगला हेतू, फसलेलं काम: एक उदाहरण

दक्षिण आफ्रिकेत 'प्लेपंप' नावाची कल्पना आली. बागेत असते तशी गोल चक्री. मुलं खेळतील, चक्री फिरेल आणि पाणी वरच्या टाकीत चढेल. ऐकायला इतकं छान की २००६ साली अमेरिकेत या प्रकल्पासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे होते.

प्रत्यक्षात एका पंपाला साध्या हातपंपाच्या कितीतरी पट खर्च येत होता. मुलं कंटाळली की बायकांना ती जड चक्री हाताने फिरवावी लागायची. बिघडलं तर सुटे भाग मिळत नव्हते. ठरलेल्या लोकसंख्येला पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब 'द गार्डियन'ने २००९ मध्ये मांडला. विस्तार थांबवावा लागला.

उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. १९६०-७० च्या दशकांत, विशेषतः दुष्काळांच्या काळात, भारतात हजारो बोअर घेतल्या गेल्या. त्यांवर परदेशी घरगुती पंपांच्या धर्तीवरचे ओतीव लोखंडाचे पंप बसवले. एका कुटुंबासाठी बनलेला पंप अख्खं गाव दिवसभर मारायचं, त्यामुळे तो लवकर मोडायचा. १९७० च्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा बहुतांश पंप बंद सापडले.

जालना आणि सोलापूर इथे मात्र स्थानिक पातळीवर मजबूत पंप तयार झाले होते. सोलापूरचा पंप ऑस्कर कार्लसन या स्वीडिश माणसाने घडवला. त्याच धर्तीवर युनिसेफ आणि भारत सरकारच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क-२' हातपंप तयार झाला. आज गावोगाव दिसणारा लांब दांड्याचा पंप तोच. पुढे तो जगभर गेला. युगांडात 'यू-२' नावाने ओळखला जाणारा प्रमाणित पंपही त्याच्यावरच आधारलेला आहे.

दोन्ही पंपांमागे पैसा होता, हेतूही चांगला होता. सोलापूरचा पंप टिकला, कारण तो रोज वापरणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या अडचणींतून घडला होता.

अर्थात मजबूत पंपालाही माणूस लागतो. आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिणेकडील देशांत साधारण एक तृतीयांश हातपंप बंद आहेत, असा अंदाज २००९ मध्ये पाणीपुरवठा क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या जाळ्याने मांडला होता.

पाणी आलं, पण ते स्वच्छ आहे का?

नितळ पाणी म्हणजे स्वच्छ पाणी नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर गेला होता. शहराच्या वेशीवर ही गत, तर उघड्या झऱ्याचं पाणी न तपासता पिणं किती धोक्याचं असेल?

गावात यासाठी व्यवस्था आहे, फक्त ती आपल्याला माहीत नसते:

- ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्याचे नमुने घेणं आणि टीसीएल पावडर टाकून पाणी निर्जंतुक करणं ही त्याची कामं.
- पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. धोका जास्त असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं.
- जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे.

एखाद्या गावासाठी पैसे जमवणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा: कार्ड कोणत्या रंगाचं?

पैसे गोळा करण्याचे नियम काय?

- नोंदणी नसलेल्या व्यक्तीने किंवा गटाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच.
- सोपा मार्ग म्हणजे आधीपासून नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत पैसे गोळा करणं. पावती संस्थेच्या नावाने, पैसे थेट संस्थेच्या खात्यात. मुलाच्या किंवा पालकाच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड टाळा.
- आयकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीत देऊन चालत नाही.
- परदेशी नागरिक किंवा परदेशी संस्थेकडून पैसे येणार असतील तर घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी हवी. हे पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येतात. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी हे आधी विचारून घ्यावं.

पैसे देण्याआधी मुलांनी विचारायचे सात प्रश्न

१. ही मागणी वाडीतून आली आहे का, की आपणच ठरवलं?
२. ग्रामसभेत किंवा पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत यावर चर्चा झाली का? या समितीत निम्म्या महिला असणं अपेक्षित आहे. त्या काय म्हणाल्या?
३. सरकारी योजनेत हे काम आधीच मंजूर आहे का?
४. मे महिन्यात तिथे किती पाणी असतं?
५. जागा कुणाची आहे? झरा वनखात्याच्या किंवा खासगी जमिनीत असेल तर परवानगी आहे का?
६. बिघडलं तर कुणाला फोन करायचा आणि पैसे कुठून येणार?
७. तीन वर्षांनी आपण पुन्हा जाऊन पाहणार आहोत का?

आणि एक पथ्य: हंडा घेतलेल्या मुलीचा फोटो तिला आणि तिच्या घरच्यांना न विचारता पोस्ट करू नका. पाणी नसणं ही तिची चूक नाही आणि आपल्या रीलचा विषय होणं तिने मागितलेलं नाही.

मग मुलांनी पैसे जमवूच नयेत का?

जरूर जमवावेत. रायनचे ७० डॉलर कमी पडले, तरी ते कमी आहेत हे कळल्यावर तो थांबला नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं. पण जमवलेल्या रकमेतला काही भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा. उद्घाटनाच्या तारखेबरोबर तीन वर्षांनंतरची एक तारीख कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी वाडीवर जाऊन नळ उघडून पाहा. ती तारीख मे महिन्यातली असेल तर उत्तम.